रंग आला, साखर नाही

आमच्या प्रेमाची सुरुवात एका हॉर्नने झाली. साधासुधा हॉर्न नव्हे. लांबलचक, चिडका, कान किटवणारा!

तो झावळ्यांचा रविवार होता. ईस्टरच्या आधीच्या या रविवारी आमच्या मंडळीची मिरवणूक शरणपूर रोडवरून निघते. पुढे रविवारच्या शब्बाथशाळेची पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत, त्यांच्यामागे ढोलकी गळ्यात अडकवलेले माझे पप्पा, मग गायकवृंद, आणि सगळ्यात शेवटी मी. मागच्या गाड्या थोपवायचं काम दरवर्षी माझ्याकडेच असतं. माझ्याइतका मोठा आवाज आणि माझ्याइतकी कमी भीड आख्ख्या मंडळीत दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मम्मी म्हणते. कौतुकानं म्हणत नाही, पण मी ते कौतुकच धरून चालते.

मी मागे वळले. स्कूटरवर एक उंच, सावळा मुलगा. हेल्मेटची काच वर केलेली, कपाळावर घाम.

"मॅडम, जरा बाजूनं जाऊ द्या ना. माझा क्लास सुरू व्हायचाय."

"शिकताय की शिकवताय?"

"शिकवतोय. गणित."

"मग हिशेब करा. मिरवणुकीत लहान मुलं आहेत, रस्ता अरुंद आहे. तुम्ही किती वेळ थांबायला हवं?"

तो हसला. मला वाटलं होतं चिडेल... पण हसला. डाव्या गालाला खळी पडली आणि मी उगाच ढोलकीकडे बघितलं.

"थांबायचंच आहे, तर हे धरा," मी हातातली झावळी त्याच्यापुढे केली. "रिकाम्या हातानं उभं राहिलेलं बरं दिसत नाही."

त्यानं स्कूटर कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि झावळी हातात घेऊन खरोखरच चालायला लागला. सगळ्यात शेवटी, माझ्या शेजारी. क्लास बुडाला. चर्चच्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, "मी आल्हाद. तुम्ही माझा क्लास बुडवलाय, तर निदान एक चहा तरी–"

"मी शारोन. आणि चहा नाही. लेंट चाललाय आमचा. उपासाचे चाळीस दिवस. मी दरवर्षी चहा सोडते."

"चहा सोडता?" नाशिक सोडून जाणार आहे म्हटलं असतं, तरी त्याला एवढा धक्का बसला नसता. "कधीपर्यंत?"

"पुढच्या रविवारपर्यंत. ईस्टरच्या पहाटेपर्यंत."

त्यानं मान डोलावली. झावळी खांद्यावर टाकून मागे राहिलेल्या स्कूटरकडे निघून गेला. मला वाटलं, गेला बिचारा.

पुढच्या रविवारी पहाटेची भक्ती संपवून आम्ही फाटकाबाहेर आलो, तर हा तिथे उभा. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात दोन स्टीलचे कप.

"पहाट झाली ना?" त्यानं विचारलं. "की अजून नियमात काही राहिलंय?"

चाळीस दिवसांनंतरचा तो पहिला घोट... आलं जरा जास्तच झालं होतं. त्या घोटाला मी त्याच्या प्रेमात पडले, हे मी त्याला पुढे सहा महिने कळू दिलं नाही. मुलगी म्हणून थोडा भाव खायचा असतोच की.

ख्रिस्ती मुलगी म्हटलं की लोक विचारतात, नर्स की टीचर? मी यातलं काहीच नाही. निफाडला द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी दर्जा तपासते. बागेत जायचं, मणी चिरडून रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आत साखर किती भरली ते बघायचं आणि तोडणीला हो किंवा नाही म्हणायचं. हंगामात आल्हाद सुट्टीच्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून निफाडला यायचा. एकदा काळ्या द्राक्षांचा एक घड बघून म्हणाला, "हा तर तयारच आहे की!"

"रंगावर जाऊ नकोस. काळ्या द्राक्षाला रंग आधी येतो, साखर मागाहून. घाईनं तोडला तर पेटीत गोड होईल असं वाटतं ना, पण होत नाही. वेलीवरच व्हावं लागतं."

"आणि माझ्यात किती साखर आहे?"

"तपासायला चिरडावं लागेल."

"चिरड ना..." तो इतक्या हळू म्हणाला की पुढच्या ओळीतल्या बागवानांच्या पाठीकडे बघत मी थेंब काचेऐवजी माझ्या बोटावर टाकला.

आता एक गोष्ट सरळ सांगते. मला मोह होत नाही असं नाही. चांगला, रसरशीत होतो! डिसेंबरच्या थंडीत गंगापूर धरणाच्या काठी आम्ही बसलो होतो. त्यानं माझा हात स्वेटरच्या खिशात घेतला होता. तो म्हणाला, "इथे जवळच मित्राचं फार्महाऊस आहे. किल्ली माझ्याकडे आहे. राहूया का आज?" त्याचा श्वास माझ्या कानाशी होता. मला 'हो' म्हणायचं होतं. अगदी मनापासून. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, आता तूच धर, माझी पकड सुटत चालली आहे. आणि मोठ्यांदा म्हटलं, "नाही. लग्नानंतर. हे मी आधीच ठरवलंय, आणि ठरवताना तू इतका जवळ बसलेला नव्हतास, म्हणून ते ठरवणं जास्त भरवशाचं आहे."

"राग आला?"

"नाही रे. भूक लागलीय. मिसळ खाऊया."

त्यानं मोकळ्या हातातली किल्ली बोटाभोवती एकदा फिरवली. मग किल्ली पँटच्या खिशात टाकून उठला. त्या दिवशी तर्री इतकी तिखट होती, की दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि कुणालाच कारण सांगावं लागलं नाही.

तो मोह सोपा होता. मोहासारखा दिसत तरी होता. पुढे जो आला, तो पांढरे कपडे घालून आला.

जानेवारीत मी घरी सांगितलं. पप्पा गप्प बसून ढोलकीची दोरी आवळत राहिले. मम्मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. मुलगा हिंदू, त्यातून वडील यज्ञेश्वर दीक्षित रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणारे उपाध्याय, हे ऐकून तिनं कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग निकाल दिला.

"मुलगा चांगला आहे. ते थर्मास प्रकरण मी पाहिलंय. पण लग्न आपल्या चर्चमध्ये, आपल्या मंडळीसमोर. तीन रविवार तुमची नावं वाचली गेली पाहिजेत. नाहीतर माझा आक्षेप आहे, शारू. देवासमोर आक्षेप."

आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, वधूवरांची नावं भर मंडळीत वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कोणाचा आक्षेप असेल तर त्यानं आताच सांगावा. लहानपणापासून मम्मी त्या क्षणी माझ्याकडे बघून हसत आली आहे. पण नावं वाचायची तर दोघांचाही पाण्यानं बाप्तिस्मा झालेला हवा, दोघंही ख्रिस्ती हवेत, असा आमच्या मंडळीचा नियम.

मी हे आल्हादला एकेक शब्द तोलून सांगितलं. त्यानं तोललं नाही.

"एवढंच? घेतो की बाप्तिस्मा. वर्ग असतो ना त्याचा? अभ्यास काय असतो?"

"आल्हाद, हे असं–"

"शारोन, तू हवीस मला. बाकी सगळं सोडवता येतं."

मी हो म्हटलं. कुठली मुलगी नाही म्हणेल? दर शनिवारी तो पाळकसाहेबांकडे जाऊ लागला. पोरांना पाठांतर करायला लावणारा मास्तरच तो. विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचा ठरलेला पाठ, दोन आठवड्यांत तोंडपाठ! पाळकसाहेब खूश. ईस्टरच्या पहाटे बाप्तिस्मा ठरला. मम्मी तर हवेतच होती. माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीला काठ कसला लावायचा, यावर तिनं शेजारच्या चैतालीमावशींशी भांडणसुद्धा करून घेतलं. घरी आल्हादनं काही सांगितलं नव्हतं. "बाबांना झाल्यावर सांगू," असं म्हणायचा.

पुन्हा लेंट लागला, पुन्हा मी चहा सोडला. एका दुपारी कंपनीत द्राक्षं भरतात त्या पॅकहाऊसच्या ओट्यावर बसून त्यानं मला आख्खा विश्वासांगीकार म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग सहज विचारलं, "यातलं तुला खरं काय वाटतं?"

"तो प्रश्न पेपरात नाही ना?" तो म्हणाला आणि डोळा मारला.

मी हसले. खोटं कशाला सांगू, छान हसले. पण संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये त्याचं ते उत्तर मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, आणि आता हसू येईना.

तरी मी गप्प राहिले. आठवडेच्या आठवडे. काय काय सांगितलं मी स्वतःला! पुढे होईल विश्वास. सहवासानं होईल. मम्मी किती आनंदात आहे. पाळकसाहेबांना चालतं, मग मी कोण? कारणं सगळी चांगली होती. वाईट कारण एकसुद्धा सापडेना, आणि तिथेच माझा मला संशय यायला लागला.

लेंटमधल्या एका रविवारी शब्बाथशाळेत मी पोरांना अरण्यातल्या उपासात येशूनं सैतानाला नकार दिला, ती गोष्ट सांगत होते. दरवर्षी सांगते. सांगता सांगता म्हणाले, "सैतानानं त्याला काही वाईट खायला दिलं का? नाही. तो म्हणाला, भूक लागलीय ना, मग या दगडांची भाकर कर. नुसती भाकर! भाकरीत काय वाईट असतं?" आणि मी थांबले. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भूक माझी खरी होती. भाकरही चांगली होती. पण ती दगडाची करून मागत होते मी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चर्च सजवत होतो. निशिगंधाच्या काड्यांनी आख्खं चर्च घमघमत होतं. आल्हाद बाह्या दुमडून बादलीत फुलं लावत होता. मी त्याला मागच्या चिंचेखाली बोलावलं.

"उद्या पाळकसाहेब तुला विचारतील, विश्वास आहे का. काय सांगशील?"

"आहे, असं सांगेन. पाठ आहे."

"मला माहीत आहे पाठ आहे. आहे का?"

त्याच्या चेहऱ्यावरची खळी हळूहळू बुजली. "शारोन, आता? फुलंसुद्धा आलीत, आणि आता विचारतेस?"

"आधी विचारायला हवं होतं. मला तू हवा होतास म्हणून नाही विचारलं. खूप हवा होतास... हवा आहेस."

"मग? मी तुझ्यासाठी सगळं करतोय–"

"तेच म्हणतेय मी. माझ्यासाठी. ते पाणी माझ्यासाठी नसतं रे घ्यायचं. आणि तुझे बाबा उद्या विचारतील, बाळा, तुला पटलं म्हणून गेलास का? तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघून काय सांगशील? पोरगी हवी होती म्हणून?"

त्याचा आवाज चढला. "मी उद्या 'नाही' म्हटलं तर तुझी मम्मी लग्न लावून देणार आहे?"

"नाही."

"तू घर सोडून येशील?"

"भांडेन. रडेन. पण आईला पाठ दाखवून नाही येणार."

"म्हणजे सगळं संपलं तरी चालेल तुला?"

"चालणार नाही!" मी ओरडलेच. माझा आवाज मोठा आहे, आत सगळ्यांनी ऐकला असणार. "अजिबात चालणार नाही. मरेन मी. पण ज्या देवाशी रोज सकाळी बोलते, त्याच्यासमोर तुला खोटं बोलायला लावून मी तुझ्याबरोबर सुखानं चहा पिऊ शकणार नाही. हो खरं असेल तर हो म्हण, मी नाचेन. नसेल तर नाही म्हण. पण माझ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस."

त्यानं हातातली निशिगंधाची काडी चिंचेच्या पारावर ठेवली. तो फाटकाकडे चालत गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला नाही. मी आत जाऊन उरलेली फुलं लावली. मम्मीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उद्या कळेल. चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसून मी प्रार्थना केली, आणि गंमत म्हणजे मला भीती वाटली तरी शंका वाटली नाही. मी बरोबर केलं होतं. ते महाग पडणार होतं, एवढंच.

पहाटेची भक्ती अंगणात होती. आभाळ नुकतं उजळत होतं. मी गायकवृंदात दुसऱ्या ओळीत उभी होते आणि फाटकाकडे न बघण्याचा निश्चय करून फाटकाकडेच बघत होते. तो आला. पांढरा झब्बा, पाय अनवाणी. डोळे तारवटलेले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. पितळी पात्रात पाणी होतं.

"आल्हाद, प्रभू येशू ख्रिस्तावर तुझा तारणारा म्हणून विश्वास आहे का?"

चिंचेवर एक साळुंकी ओरडत होती.

"अजून नाही, पाळकसाहेब."

मंडळीतून एकच कुजबुज उठली. मम्मीनं पदर तोंडाला लावला.

"मला सगळं पाठ आहे," तो सावकाश म्हणाला. "विचारा, म्हणून दाखवतो. पण मी इथे शारोनसाठी आलोय. तुमच्या प्रभूशी माझी अजून ओळखच नाही नीट. ओळख नसलेल्या माणसाच्या घरी राहायला येतो असं कसं सांगू? लोक म्हणतील, पोरीवर डोळा आहे. आणि ते खरंच असेल."

कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटतं पप्पा.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा जरा उतरला होता, तरी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. जागेवर बस, बेटा. भक्ती अजून संपलेली नाही." आणि आल्हाद शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पळून गेला नाही. बसला! आम्ही पुनरुत्थानाचं गाणं सुरू केलं. मी वरच्या पट्टीत गात होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज मात्र एकदाही फुटला नाही.

भक्ती संपल्यावर तो फाटकाबाहेर उभा होता. थर्मास. दोन कप.

"आलं कमी घातलंय या वेळी," तो म्हणाला.

"आल्हाद..."

"आधी पी. चाळीस दिवस झालेत." मग मान खाली घालून म्हणाला, "बाबांना सांगितलं, काल घरी गेल्या गेल्या. सगळं. ते म्हणाले, रामकुंडावर रोज माणसं माझ्यामागून संकल्प म्हणतात. निम्म्यांचं लक्ष चपलांकडे असतं. जी मुलगी तुला खोटा संकल्प सोडू देत नाही, तिला घरी घेऊन ये, बघू दे तरी."

मी कप दोन्ही हातांनी धरला. "मग आता?"

"आता विवाह नोंदणी कार्यालय. तू ख्रिस्ती, मी मी. कुणी कुणासारखं व्हायचं नाही. जे व्हायचं ते वेलीवर होऊ दे." तो थांबला. "शारोन शिरसाठ, माझ्याशी लग्न करशील? यात पाठ केलेलं काही नाहीये."

"करेन," मी म्हटलं. "पण मम्मीनं आक्षेप काढल्यावर. तोवर नाही."

मम्मी तीन महिने बोलली नाही. म्हणजे माझ्याशी बोलली, आल्हादविषयी नाही. तो दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसत राहिला. कधी गाणं म्हणायचा, कधी नुसता ऐकायचा, कधी भक्तीनंतर पाळकसाहेबांशी वाद घालायचा. मम्मी त्याच्याकडे वळून बघायची नाही. पण एका रविवारी तो तापामुळे आला नाही, तेव्हा तिनं मागे वळून रिकामं बाक बघितलं. संध्याकाळी डब्यात खिचडी भरून मला म्हणाली, "इंदिरानगरला जायला रिक्षा मिळेल ना?" आणि माझ्याबरोबर स्वतःच आली. आल्हादच्या बाबांनी, दीक्षितकाकांनी, दार उघडलं. मम्मीनं आमच्या रीतीचा सलाम केला, त्यांनी नमस्कार केला, आणि दोघांनीही एकदमच विचारलं, "आता कसा आहे तो?" असं विचारून दोघंही दारातच हसली.

जुलैत आम्ही अर्ज दिला. आमची नोटीस नोंदणी कार्यालयाच्या फलकावर लागली, तिथे ती महिनाभर राहते. कुणाला हरकत असेल तर त्यानं कळवायचं असतं. मी मम्मीला म्हटलं, "तीन रविवार नाही वाचली गेली नावं, पण महिनाभर टांगलेली आहेत." दुसऱ्या दिवशी ती चर्चची क्रीम साडी नेसून, पर्स काखेत घेऊन तयार झाली. "चल. मला बघायचंय."

कार्यालयाच्या व्हरांड्यात तो फलक होता. जाळीच्या आड कागदांची दाटी. आल्हादही आला होता, भिंतीला टेकून उभा. मम्मीनं चष्मा लावला. आमचा कागद शोधला. आणि मग पाठ ताठ करून, पाळकसाहेब वाचतात तशा ठणठणीत आवाजात तिनं वाचायला सुरुवात केली.

"आल्हाद यज्ञेश्वर दीक्षित, राहणार इंदिरानगर, नाशिक. आणि शारोन सुधाकर शिरसाठ, राहणार शरणपूर, नाशिक." माझा आवाज कुणाकडून आलाय, ते त्या दिवशी कळलं. टेबलाशी बसलेल्या शिपायानं मान वर केली. जिन्यावरची माणसं थांबली. "या दोघांच्या विवाहाला कोणाचा आक्षेप असेल, तर त्यानं आताच सांगावा."

शिपायानं घाईघाईनं मान हलवली, नाही, नाही.

मम्मीनं चष्मा काढला, पदरानं पुसला. मग वळून आल्हादकडे बघितलं, आणि मिरवणुकीत शोभेल इतक्या मोठ्यांदा म्हणाली, "माझाही नाही."